खोलीत मावणारं वळण

गळीत हंगाम सुरू झाला की बारामतीच्या भिगवण चौकात उभं राहून वळणाचा अभ्यास फुकटात करता येतो. ट्रॅक्टर येतो, मागे उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर वळतो तो ऐसपैस, रस्त्याची पलीकडची कड धरून. पहिली ट्रॉली त्याच्या चाकोरीच्या थोडी आतून येते, दुसरी त्याहून आतून. कोपऱ्यावरच्या पेरूवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो ट्रॅक्टरकडे बघतसुद्धा नाही. शेवटच्या ट्रॉलीचं आतलं चाक कुठून जाणार याचा अंदाज घेऊन तो हातगाडी आधीच वीतभर मागे ओढतो, आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारे वाढे पेरूंना शिवता शिवता राहतात.

मी हे इतकं टक लावून बघतो याला कारण आहे. घराच्या वरच्या खोलीत मला छोटी रेल्वे घालायची आहे, आणि ती गेले कित्येक महिने कागदावरच्या वळणांत अडकली आहे. इंजिन कुठलं, स्टेशन कसं, झाडं कशाची, या गोष्टींवर माणूस उगाच फार बोलतो. खरा प्रश्न एकच असतो. गाडी भिंतीपर्यंत गेल्यावर परत कशी फिरवायची? खोलीला चार भिंती आहेत, म्हणजे गाडीला वळावं लागणार. आणि किती रुंद वळण द्यायचं हे ठरलं, की टेबल केवढं, गाडी केवढी, मुलूख कुठला, हे सगळं न विचारताच ठरून जातं.

पुण्यात कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे मुलं इंजिनाच्या शिट्टीकडे कान लावून असतात, आईवडील मुलांचे फोटो काढत असतात. मी रुळांच्या कोपऱ्यांकडे बघतो. गाडी सरळ धावताना सगळ्या प्रतिकृती सुंदरच दिसतात. तिची परीक्षा वळणावर. तिथे डबा रुळाच्या बाहेर किती डोकावतो, दोन डब्यांमधली फट एका बाजूला किती उघडते आणि दुसऱ्या बाजूला किती मिटते, यावरून आखणाऱ्यानं पेन्सिल हातात धरून किती रात्री घालवल्या असतील ते कळतं.

या छंदातलं सगळ्यात प्रचलित माप म्हणजे एचओ. खऱ्या वस्तूचा सत्याऐंशीवा हिस्सा, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपला नेहमीचा निळा आयसीएफ, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, डबा बफरसकट सुमारे 22.3 मीटर लांब असतो. सत्याऐंशीनं भागला की साडेपंचवीस सेंटिमीटरांवर येतो. शाळेतली लांब पट्टी फूटभर असते, म्हणजे डबा तिच्याहून थोडा आखूड. हातात घेतला तर खेळण्यासारखा वाटतो. वळणावर ठेवला की मात्र त्याचा हट्ट कळतो, कारण डबा वाकत नाही. त्याच्या दोन बोगी, म्हणजे दोन टोकांखालचे चाकांचे गाडे, रुळांवर बसतात, आणि त्यांच्यामधलं सगळं लाकूडलोखंड सरळ रेषेतच राहतं. त्यामुळे डब्याचं पोट वळणाच्या आत सरकतं आणि दोन्ही टोकं बाहेर येतात. उसाच्या ट्रॉलीची गोष्ट निराळी, तिची चाकंच वाट सोडून आत येतात. रेल्वेत चाकं इमानदार असतात, अंग तेवढं वाट सोडतं.

हे अंग किती वाट सोडतं त्याचा हिशेब मला शाळेनं शिकवला नाही, आमच्या एका चुलत्यांनी शिकवला. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. ते दौंडला रेल्वेत, रूळ सांभाळणाऱ्या गँगवर होते. वळण बिघडलंय का हे बघायला त्यांच्याकडे एक दोरी असायची, वीस मीटरची. दोघांनी दोरीची दोन टोकं बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला धरायची, ताणायची, आणि तिसऱ्यानं दोरीच्या बरोबर मध्यावर रूळ दोरीपासून किती लांब आहे ते पट्टीनं मोजायचं. मग दहा मीटर पुढे सरकून पुन्हा तेच. पन्नास हजाराला वळणाच्या त्रिज्येनं, मीटरांत, भागलं की तो आकडा मिलिमीटरांत मिळतो. पावणेनऊशे मीटर त्रिज्येच्या वळणावर तो सत्तावन्नच्या आसपास भरायला हवा. एका ठिकाणी साठ, पुढे पन्नास, पुढे पुन्हा पासष्ट, असे आकडे नाचायला लागले की रूळ सरकला आहे आणि गाडी तिथे हिसका देणार. “गाडीच्या आधी दोरीला कळतं,” तात्या म्हणायचे.

दोरी म्हणजे जीवा, आणि मधली ती फट म्हणजे शर. भास्कराचार्यांच्या लीलावतीत हा हिशेब आहे: वर्तुळाचा व्यास दहा, जीवा सहा, तर शर किती? उत्तर एक. बाराव्या शतकातलं ते गणित, आणि मांडणारा माणूस ज्याचा धागा चाळीसगावजवळच्या पाटणशी जोडला जातो असा. मला त्यात गंमत वाटली ती वेगळीच. वळणावर उभा असलेला डबा म्हणजे तात्यांची दोरीच. दोन बोगींच्या मधलं अंतर ही जीवा, आणि डब्याचं पोट जितकं आत सरकतं तो शर. जीवेचा वर्ग करायचा आणि त्रिज्येच्या आठपटीनं भागायचं. रुळाची तपासणी आणि डब्याचं झुकणं, दोन्हींचा हिशेब एकाच ओळीत बसतो.

आयसीएफ डब्याच्या बोगींमधलं अंतर प्रतिकृतीत सतरा सेंटिमीटर येतं. अमेरिकेतल्या छंदिष्टांमध्ये रूढ असलेली अठरा इंची त्रिज्या घेतली, म्हणजे साधारण 457 मिलिमीटर, तर डब्याचं पोट आठ मिलिमीटर आत येतं आणि टोकं साडेआठ मिलिमीटर बाहेर जातात. आठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण डबा स्वतःच जेमतेम पावणेचार सेंटिमीटर रुंद; वळणावर तो साडेपाच सेंटिमीटर जागा मागतो. आता शेजारी दुसरा रूळ घाला. खऱ्या रेल्वेत दोन मार्गांमधलं जुनं किमान अंतर 4.265 मीटर, प्रतिकृतीत 49 मिलिमीटर. सरळ रुळावर हे अंतर पुरतं. अठरा इंची वळणावर आतल्या गाडीची टोकं आणि बाहेरच्या गाडीचं पोट एकमेकांना जाऊन भिडतात. माप तंतोतंत खरं ठेवलं म्हणून अपघात, असला हा प्रकार. वळणावर साठ मिलिमीटर ठेवावे लागतात, आणि सरळ भागात पुन्हा हळूहळू जवळ यायचं.

छंदातली जुनी मंडळी एक ढोबळ नियम सांगतात: सगळ्यात लांब डब्याच्या किमान तिप्पट त्रिज्या घ्या, मग गाडी आतून बघितली तरी बरी दिसते. तिप्पट म्हणजे आयसीएफसाठी 77 सेंटिमीटर. पूर्ण अर्धवर्तुळ फिरवायचं तर दीड मीटरहून जास्त रुंदी, वर दोन्ही कडांना गाडी पडू नये म्हणून थोडी जागा. आणि इथे सुतारमामा येतात.

भिगवण रोडवरच्या दुकानातून प्लायवूड आणायला मी त्यांना बरोबर नेलं होतं. त्यांनी कागद बघितला, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, प्लाय आठ बाय चारचाच येतो. चारच्या बाहेर गेलात की जोड आला, आणि जोड आला की तिथं गाडी उडणार. तुम्ही वळाण बारीक करा की.”

जगभरच्या छोट्या रेल्वेचा निम्मा इतिहास मामांच्या या वाक्यात आहे. चार फूट म्हणजे 1219 मिलिमीटर. कडा सोडल्या तर त्यात जास्तीत जास्त बावीस इंची त्रिज्येचं वळण बसतं. तिकडे अठरा आणि बावीस ही मापं रूढ झाली त्यामागे गाडीची गरज कमी आणि लाकडाच्या वखारीतला तो चौकोन जास्त. बाजारात तयार वळणाचे तुकडे मिळतात तेही याच हिशेबाचे. एका नामांकित इंग्लिश कंपनीचं पहिल्या नंबरचं वळण 371 मिलिमीटरचं, दुसरं 438 चं. त्यांवर आपला आयसीएफ डबा फिरवला तर तो फिरतो, पण कमरेत उसण भरलेल्या माणसासारखा.

मग मी उलट बाजूनं हिशेब केला. खऱ्या रेल्वेचं वळण किती अरुंद असू शकतं? आपल्याकडे वळण अंशांत मोजतात. 1750 ला मीटरांतल्या त्रिज्येनं भागलं की अंश. ब्रॉडगेजला दहा अंशांची मर्यादा, म्हणजे 175 मीटर त्रिज्या. सत्याऐंशीनं भागा: दोन मीटर. म्हणजे रेल्वेच्या नियमांत बसणारं सगळ्यात अरुंद ब्रॉडगेज वळण खरेपणानं घालायचं म्हटलं तर खोली चार मीटरांहून रुंद हवी, आणि मध्ये उभं राहायला टेबलाला भोक. माझी खोली दहा बाय बाराची. त्यात ब्रॉडगेज वळवणं म्हणजे डब्यांना खोटं बोलायला लावणं, आणि ते खोटं झाकायला बोगदे, डोंगर, झाडी. बारामती तालुक्याच्या या सपाट, बाभळीच्या मुलखात बोगदा कुठून आणू?

नॅरोगेजची मर्यादा मात्र चाळीस अंश. त्रिज्या 44 मीटर. सत्याऐंशीनं भागलं तर 505 मिलिमीटर. अर्धा मीटर! व्यास एक मीटर, चार फुटी प्लायवुडात दोन्ही कडांना चांगली दहा-दहा सेंटिमीटर मोकळी. मी तो भागाकार पुन्हा करून पाहिला. अडीच फुटी नॅरोगेज, 762 मिलिमीटर, प्रतिकृतीत पावणेनऊच्या आसपास. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. म्हणजे नॅरोगेज या टेबलावर खोटं न बोलता वळू शकते. आणि दौंड–बारामती रेल्वे मुळात कुठली होती? अडीच फुटी नॅरोगेज.

आज दौंडहून मळद, शिरसाई, कटफळ करत बारामतीला जी गाडी येते ती ब्रॉडगेजवरून. तिच्या आधी याच वाटेवर छोटी गाडी धावत असे. आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती गाडी बऱ्याचदा येते, आणि दर वेळी ती थोडी आणखी हळू झालेली असते. एक सांगतो चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचो, दुसरा बोरांच्या जागी ऊस सांगतो. मी यातलं निम्मं सोडून देतो. पण अशा गाड्या महाराष्ट्रभर होत्या हे खरं. पाचोरा–जामनेर, पुलगाव–आर्वी, मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला. आणि आमच्या शेजारची, कुर्डुवाडीची बार्शी लाइट रेल्वे.

बार्शी लाइटचं मूळ नाव घ्यायचं तर एव्हरार्ड कॅलथ्रॉपचं. 1897 ला त्यांची ही लाइन बार्शीपर्यंत धावू लागली, पुढे पंढरपूर, लातूर आणि अखेर 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. या माणसानं एक गोष्ट ओळखली होती: कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार टाकायचा नाही, आणि हाच नियम इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळ्यांना. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात. बार्शीची गाडी हिंदुस्थानात पाठवण्याआधी त्यानं इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून ती लोकांना चालवून दाखवली होती. म्हणजे त्यानंही आधी एक मॉडेल लेआउटच केला, फक्त पूर्ण आकाराचा. मला त्याच्याविषयी उगाच आपुलकी वाटते.

एक कबूल करायला हवं. दौंड–बारामतीच्या वाटेवर 44 मीटरचं वळण घ्यायची कुणाला काय गरज पडणार? मोकळं माळरान, इंजिनीअरनं पट्टी ठेवून रेघ मारावी असा मुलूख. चाळीस अंशांची वळणं हवीत ती घाटांना. पण खोलीच्या मापात माझं वळण निदान नियमात बसतं. घाटातलं वळण माळावर आणलं एवढाच माझा गुन्हा, आणि तो कुठल्याही नकाशा काढणाऱ्यानं केलेला असतो.

तसं बघितलं तर याहून बारीक वळणं इंदापूर तालुक्यानं पाहिली आहेत. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर ऊस आणि 1930 च्या दशकात साखर कारखाना उभा केला, त्याला आपण वालचंदनगर म्हणतो. तिथे शेतातून कारखान्यापर्यंत ऊस आणायला अरुंद रुळांची छोटी गाडी होती. फडातला ऊस तोडला, मोळ्या रुळांवरच्या वाघिणीत भरल्या, वाघिणी गव्हाणीकडे गेल्या. असल्या शेतातल्या रुळांचा जन्मही साखरेपोटीच झाला. फ्रान्समध्ये पॉल देकोव्हिल नावाच्या माणसानं 1870 च्या दशकात बीटाचं पीक चिखलातून बाहेर काढायला हलक्या रुळांचे तयार तुकडे बनवले: काही सरळ, काही ठरावीक वळणाचे, स्लीपरसकट एकसंध. माणसांनी उचलायचे, मांडायचे, जोडायचे. पीक निघालं की उचलून दुसऱ्या शेतात. वळण आखायचं नाही, पेटीतून काढायचं.

1891 मध्ये जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनं लाइपझिगच्या जत्रेत मुलांसाठी रेल्वे मांडली, आठच्या आकड्यात फिरणारी, ठरावीक मापाच्या तुकड्यांची. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात तयार वळणाचे तुकडे मुलांच्या आधी पडले. मी डब्यातून 505 च्या आसपासचा एखादा तुकडा काढतो तेव्हा खेळण्याची दुनिया त्यात शोधत नाही. कुठल्यातरी फडात भिजलेली माती आणि उसाची चिपाडं त्याला चिकटलेली असावीत असं वाटतं.

या मुलखात वळण घेण्याची सवय रेल्वेहून कालव्याला जास्त. नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापूरकडे जातो तो नकाशावर पाहिला तर नशेत काढलेल्या रेघेसारखा. पण त्याच्याइतका शहाणा कुणी नाही. उतार सोडायचा नाही, चढ चढायचा नाही, जमीन जिथे जिथे एका पातळीत आहे तिथून तिथून पाणी न्यायचं. म्हणून एका ओढ्यापाशी आत शिरायचं, दुसऱ्या उंचवट्याला वळसा घालायचा. कालव्याचं वळण कुणी ठरवलेलं नसतं, जमिनीनं सांगितलेलं असतं. रेल्वेला तेवढा धीर नसतो. ती भराव घालते, खोदते. तरी कधीकधी पाणी तिलाही सांगतं. पुण्याहून निघालेला जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, रूळ 1858 च्या अखेरीस भीमेकाठी डिकसळला पोचला, पुढे नदी ओलांडून सोलापूरकडे गेला. शंभराहून अधिक वर्षं सगळं सुरळीत. मग उजनीचं धरण झालं, भीमेचं पाणी पसरलं, आणि लोहमार्गाला बाजूला सरकावं लागलं. जुना रेल्वेपूल इंदापूर आणि करमाळा तालुक्यांच्या लोकांना रस्ता म्हणून उरला. भिगवणला आज फ्लेमिंगो बघायला लोक येतात. रुळांची जुनी रेघ कुठून जात असेल ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं नाही म्हणून काही बिघडतही नाही.

वळणाचं एक अंग मात्र फक्त डोळ्यांना कळतं, आणि बाजारात मिळत नाही. सरळ रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरली की हिसका बसतो. खऱ्या रेल्वेत दोन्हींच्या मध्ये असा एक भाग घालतात जिथे त्रिज्या हळूहळू कमी होत जाते. पेटीतल्या तुकड्यांत तो नसतो: सरळ संपलं की वळण सुरू. म्हणून मी लवचीक रूळ घ्यायचे ठरवले आहेत, आणि आखणीला बांबूची कामटी. तिचं एक टोक सरळ रेघेवर खिळ्यांनी धरायचं, दुसरं वर्तुळावर, आणि मधला भाग तिच्या मर्जीवर सोडायचा. ती स्वतःच सगळ्यात निवांत वाट शोधते. तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. यासाठी वर्तुळ थोडं आत सरकवावं लागतं, एखाद सेंटिमीटर, पण नॅरोगेजनं वाचवलेले दहा सेंटिमीटर हाताशी आहेतच. ब्रॉडगेजला हा चैनीचा सेंटिमीटर परवडला नसता.

तर आता असं ठरलं आहे. दौंड भिंतीलगत, आठ फुटी लांबीवर. तिथे ब्रॉडगेजची गाडी उभी राहील, इंजिन आणि सात-आठ डबे, पण वळणार नाही. तिच्यासाठी रूळ सरळच. प्रवासी फलाट बदलतील आणि शेजारच्या छोट्या गाडीत बसतील. छोटी गाडी मळदकडे निघेल, अर्ध्या मीटरच्या वळणानं फिरेल, शिरसाईला थांबेल, पुन्हा फिरेल, कटफळ, मग समोरच्या कडेला बारामती. एका वळणाच्या पोटात उसाचा फड. दुसऱ्याच्या पोटात कालवा, म्हणजे दोघांपैकी कुणी कुणाला वळायला लावलं हे बघणाऱ्यानं ठरवावं. डब्यांचं पोट या वळणावर किती आत येतं तेही कागदावर काढून पाहिलं. नॅरोगेजचे डबे आखूड, म्हणून शरही छोटा. कटफळच्या फलाटाची कड थोडी आत घेतली की काम भागतं.

राहता राहिलं कपाट. ही वर आली, कागद न बघता खोली बघितली आणि म्हणाली, “अहो, ते कपाट उघडायचं कसं?” कपाटाचं दार उघडताना जमिनीवर जो चाप काढतं त्याची त्रिज्या मी टेपनं मोजली: 52 सेंटिमीटर. नियमानं चाळीस अंशांच्या आतलं, अगदी सुरक्षित वळण. तिला हे सांगून उपयोग नव्हता. आम्ही दोघांनी मिळून प्लायवूड सव्वा फूट खिडकीकडे सरकवायचं ठरवलं. खिडकीपाशी मळद येतं, आणि तिथे दुपारी दोनपासून ऊन असतं. तेव्हा त्या वळणातल्या सांध्यांना जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची, म्हणजे रूळ एप्रिलमध्ये वाढले तरी बाहेर ढकलले जाणार नाहीत.